मोजपट्टी आणि अनुशेष : राष्ट्रीय अध्ययन-मानके व प्रमाणित चाचण्यांची चिकित्सा (बुलढाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शालेय शिक्षणाची गुणवत्ता देशभर एकाच मापाने मोजता यावी, हा विचार आता केवळ धोरणाच्या पातळीवर राहिलेला नाही. केंद्र शासनाने २०१७ मध्ये शिक्षण हक्क नियमांत दुरुस्ती करून इयत्तानिहाय व विषयनिहाय अध्ययन निष्पत्तींना नियमांत स्थान दिले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, पुढे १२ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' या नावाने झालेल्या सर्वेक्षणात ७८१ जिल्ह्यांतील ७४,२२९ शाळांमधील तिसरी, सहावी व नववीचे सुमारे २१ लाख विद्यार्थी सहभागी झाले. महाराष्ट्रात याच्या जोडीला २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमातील पायाभूत व संकलित चाचण्या आणि २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. प्रस्तुत लेखात या मोजमापाच्या गृहीतकांची चिकित्सा बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात केली आहे. चाचणी असावी की नसावी, हा येथील प्रश्न नाही. चाचणीतून जी उणीव दिसते तिचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हा आहे.

निकालावर अनुदान : एक जुना वाद

हा वाद आपल्याकडे नवा नाही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील निकालाशी जोडले होते आणि हीच पद्धत मुंबई इलाख्यातही रूढ झाली. १८८२ मध्ये हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. ज्या समाजात शिक्षणाची गोडी अद्याप निर्माण झालेली नाही, त्या दरिद्री समाजाला ही पद्धत मानवणारी नाही; अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणाही शिक्षकाचा निर्वाह होणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. वऱ्हाडातील बुलढाणा त्या वेळी मुंबई इलाख्यात नव्हता. तथापि फुल्यांच्या युक्तिवादाचे मर्म प्रांताच्या सीमेत मावणारे नाही. निकालाला बक्षीस दिले की शाळा सोप्या मुलांकडे वळते आणि ज्यांना तिची सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापासून दूर जाते, असा त्यातून निघणारा निष्कर्ष आजही लागू पडतो.

सरासरीत न दिसणारे मूल

राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या रचनेविषयी प्रथम न्याय्य विधान केले पाहिजे. ते नमुना पद्धतीने होते, त्यातून एकेका विद्यार्थ्याचा निकाल जाहीर होत नाही आणि कोणी नापासही होत नाही. मात्र चाचणीच्या दिवशी जी मुले वर्गात असतात, त्यांचेच मोजमाप होते. सर्वेक्षणाचे नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात कापूस वेचणीचे आणि ऊसतोडीसाठी होणाऱ्या स्थलांतराचे असतात. जे मूल आईबापांबरोबर फडावर गेले, ते सरासरी खाली ओढत नाही; ते सरासरीत येतच नाही. 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासत आले, याचे महत्त्व येथे लक्षात येते. दोन सर्वेक्षणांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा एक खोटे ठरवण्यापूर्वी दोघांनी कोणते मूल पाहिले, हे विचारणे आवश्यक आहे.

भाषेचा प्रश्न याहून खोल आहे. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, निहाली ही भाषा बोलली जाते. जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. कायपर या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, म्हणजे विद्वत्तेच्या जगाला ती परिचित आहे. २०२१ चे सर्वेक्षण २२ भाषांमधून झाले. त्यांत निहाली नव्हती. अत्यल्प भाषकांच्या भाषेत प्रश्नपत्रिका काढणे व्यवहार्य नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु मग घरी निहाली बोलणारे तिसरीतील मूल मराठी उताऱ्यावरील प्रश्नाचे उत्तर चुकवते, तेव्हा त्याचे आकलन कच्चे आहे की ती मराठी त्याला परकी आहे, हे चाचणी सांगू शकत नाही. घाटाखालच्या वऱ्हाडीभाषक मुलासमोरही कमी प्रमाणात का होईना हीच अडचण असते. मापन प्रमाणित झाले म्हणून मापले जाणारे वास्तव प्रमाणित होत नाही.

मापाचे ध्येयात रूपांतर

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकात असे प्रतिपादन केले की, एखाद्या निर्देशांकावर जितके अधिक निर्णय अवलंबून राहतात, तितका तो निर्देशांक भ्रष्ट होण्याचा संभव वाढतो. याचे प्रत्यंतर आपल्या जिल्ह्याने घेतले आहे. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेची काही पाने सिंदखेड राजा परिसरातून समाजमाध्यमांवर फिरली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. शालान्त परीक्षा व संपादणूक सर्वेक्षण या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. पण पहिलीचा अनुभव दुसरीला इशारा देतो. सर्वेक्षणातून जिल्ह्यांची क्रमवारी लावली जाऊ लागली, क्रमवारीवरून अधिकाऱ्यांची व शिक्षकांची झाडाझडती होऊ लागली, की निदानाचे साधन सरावाचा विषय बनते.

शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले आणि महाराष्ट्राने २०१० मध्ये त्याची आकारिक व संकलित अशी मांडणी केली. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर राज्याने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेले मूल त्याच वर्गात राहते. म्हणजे व्यवस्थेच्या उणिवेचा अंतिम भार पुन्हा त्या मुलावरच पडतो.

अनुशेषाचा धडा

तरीही मोजमापच नको, ही भूमिका विदर्भातील अभ्यासकाला परवडणारी नाही. १९८३ मध्ये नेमलेल्या प्रा. वि. म. दांडेकर समितीने राज्य सरासरीशी तुलना करून जिल्हानिहाय अनुशेष काढला. त्यात रस्ते व सिंचनाबरोबर सामान्य शिक्षणाचाही समावेश होता. आकडा नसता तर मागासलेपणाची तक्रार केवळ गाऱ्हाणे ठरली असती. तेथे सरासरीपेक्षा कमी असणे हा जिल्ह्याचा दोष मानला गेला नाही; ती राज्याची देणी मानली गेली. प्रमाणित चाचण्यांच्या व्यवहारात मात्र हे नाते उलटले आहे. तीच तूट आता शिक्षकाचा कामचुकारपणा किंवा मुलाची मंदगती म्हणून वाचली जाते.

समारोप

अध्ययन-मानके ही मुलाने राज्याला देण्याची हमी नसून राज्याने मुलाला देण्याची हमी आहे, अशी भूमिका घेतल्यास चाचणीचे स्वरूप बदलेल. त्यासाठी तीन गोष्टी किमान आवश्यक वाटतात. जिल्ह्याच्या निकालासोबत चाचणीच्या दिवशीची अनुपस्थिती व स्थलांतर यांची नोंद प्रसिद्ध व्हावी. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांच्या निकालाचे स्वतंत्र वाचन व्हावे. आणि कमी गुणांच्या पाठोपाठ कारणे दाखवा नोटीस नव्हे, तर शिक्षक, पुस्तके व वसतिगृहांची तरतूद पोहोचावी. महाविद्यालयीन अध्यापकांनाही यात अंग काढून घेता येणार नाही. आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात येणारा विद्यार्थी याच शाळांतून येतो आणि त्याच्या कच्चेपणाविषयी आपणही अनेकदा शाळेलाच दोष देऊन मोकळे होतो. कापूस वेचणीला गेलेले मूल सर्वेक्षणात सापडले नाही, तसे ते पुढे आपल्या हजेरीपटावरही आढळत नाही. त्याची गणना झाल्याशिवाय जिल्ह्याच्या शैक्षणिक गुणवत्तेविषयीचे कोणतेही विधान अपुरेच राहील.