लीड्सची खरखर

आमच्या मागच्या आळीत राहणारे एक वडीलधारे स्नेही आणि त्यांचे चिरंजीव यांच्यात गेली कित्येक वर्षे एक तंटा चालू आहे. तंटा जमिनीचा नाही की घराच्या वाटणीचा नाही. एका तबकडीचा आहे. स्नेही तरुणपणी बोटीवर नोकरीला होते. १९७४ साली लिव्हरपूलच्या बंदरावरून येताना त्यांनी 'द हू' या इंग्रज बँडची 'लाइव्ह अ‍ॅट लीड्स' ही ध्वनिमुद्रिका आणली. बँड म्हटला की आपल्याला वरात आठवते. पण हा चौघांचा बँड वरातीतला नव्हे. चिरंजीव माझे जुने विद्यार्थी. त्यांनी पुढे त्याच मैफलीची नवी, पुरी आवृत्ती विकत घेतली आणि तेव्हापासून घरात दोन पक्ष पडले. वडील म्हणतात, खरी ती माझी. मुलगा म्हणतो, पुरी ती माझी.

गेल्या दिवाळीत फराळाचे ताट समोर असताना हा कज्जा माझ्यापुढे आला. "मास्तर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्हीच काय ते सांगा," असे म्हणून वडिलांनी तबकडी आणि मुलाने सीडी माझ्या हवाली केली. वडिलांचे तबकडीचे यंत्रही रिक्षात घालून माझ्या घरी आले. माझा कान नाट्यसंगीतावर पोसलेला. पहिल्या दिवशी डोके दुखले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. 'द हू'ची ख्यातीच मुळी आवाजाची. १९७६ साली लंडनच्या चार्लटन मैदानावर त्यांचा आवाज ३२ मीटरांवर १२६ डेसिबल भरला आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. पण एका तबकडीवर जगभरच्या माणसांनी पन्नास वर्षांहून अधिक काळ जीव लावावा, याला काही कारण असलेच पाहिजे. ते शोधावे म्हणून मी पुन्हा ऐकायला बसलो.

हकीकत अशी. १४ फेब्रुवारी १९७०, शनिवारची रात्र. जागा लीड्स विद्यापीठाचे भोजनगृह. दिवसा जिथे विद्यार्थी जेवतात, तीच जागा. गायक रॉजर डाल्ट्री, गिटारवर पीट टाउनझेंड, बेस गिटारवर जॉन एन्टविसल आणि ड्रमवर कीथ मून. चौघांतल्या एकालाही त्या दिवशी सव्विसावे वर्ष पुरे झालेले नव्हते. आदल्या वर्षी त्यांचे 'टॉमी' प्रसिद्ध झाले होते. ऐकू, दिसू, बोलू न शकणाऱ्या एका मुलाची ती कथा, गाण्यांतून सांगितलेली. लोक तिला 'रॉक ऑपेरा' म्हणू लागले आणि हे चौघे खरोखरच ऑपेरागृहांतून तिचे प्रयोग करू लागले. या 'टॉमी'शी आपलाही एक धागा आहे. टाउनझेंड हा पुण्यात जन्मलेल्या मेहेरबाबांचा भक्त, आणि 'टॉमी'च्या श्रेयनामावलीत बाबांचे नाव छापलेले आहे. १९७२ साली तो नगरजवळच्या मेहेराबादला समाधीच्या दर्शनालाही येऊन गेला. ज्या गुरूने १९२५ पासून देह ठेवीपर्यंत मौन पाळले, त्याचा शिष्य एवढा कल्लोळ करणारा निघावा, ही गंमतच म्हणायची.

तर अशा रीतीने दंगेखोर पोरांची प्रतिष्ठित मंडळी होऊ लागली होती. प्रतिष्ठा चढू लागली की कलावंताला धडकी भरते. आपली मूळची आग अजून शिल्लक आहे, हे लोकांना (आणि बहुधा स्वतःला) दाखवण्यासाठी प्रत्यक्ष मैफलीची तबकडी काढायचे त्यांनी ठरवले. अमेरिकेच्या दौऱ्यातल्या फितींचा ढीग जमला होता. तो ऐकायचा कुणी, म्हणून ध्वनियोजक बॉब प्रिडनला त्या जाळून टाकायला सांगितले, असे टाउनझेंडने पुढे अनेकदा सांगितले आहे. मग यॉर्कशरमधल्या दोन रात्री मुद्रणासाठी ठरवल्या: शनिवारी लीड्स, रविवारी हल. हलच्या फितीवर सुरुवातीच्या काही गाण्यांत बेसच उमटला नाही, आणि मान लीड्सला मिळाला. म्हणजे जिचे एवढे देव्हारे माजले, ती रात्र निवडली कुणी, तर एका तांत्रिक बिघाडाने!

त्या मे महिन्यात तबकडी बाहेर आली ती साध्या तपकिरी पुठ्ठ्याच्या वेष्टनात. वर पार्सलावर मारावा तसा नावाचा शिक्का. त्या सुमारास मैफलींच्या चोरून केलेल्या मुद्रिका बाजारात येऊ लागल्या होत्या; त्यांचे सोंग या अधिकृत मालाने घेतले. आत जुन्या कागदपत्रांच्या नकला घातलेल्या: मार्की क्लबचे भित्तिपत्रक, वुडस्टॉकच्या कार्यक्रमाचा करार, आणि एका मोठ्या कंपनीने पूर्वी त्यांना नाकारल्याचे पत्रसुद्धा. तबकडीच्या मधल्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेली सूचना होती की, खरखर ऐकू येते ती असू द्या, दुरुस्त करू नका.

या सूचनेपाशी मी बराच वेळ थांबलो. मुद्रणात शिरलेली ती खरखर काही कुणी मुद्दाम केलेली नव्हती. पण ती आहे हे सांगून, तिला मिरवत, तबकडी विकणे हे मात्र मुद्दाम केलेले होते. चाहते म्हणतात, या तबकडीत खोटे काही नाही. मला तसे वाटत नाही. तिच्यात वेषभूषा आहे; फाटके कपडे घालून आलेल्या श्रीमंताची वेषभूषा आहे. पण वेष उतरवल्यावर आत जो माणूस सापडतो तो खरा आहे, आणि म्हणूनच सोंगाचा राग येत नाही.

तो माणूस मला पहिल्याच गाण्यात भेटला. 'यंग मॅन ब्लूज' हे मूळ मोझ अ‍ॅलिसन या अमेरिकन पियानोवादकाचे, दोन मिनिटांच्या आतले, गालातल्या गालात हसत गायलेले गाणे. एके काळी तरुणाला मान होता, आता सारा पैसा म्हाताऱ्यांच्या हाती, एवढाच त्याचा आशय. या चौघांनी ते जवळजवळ पाच मिनिटांचे केले. डाल्ट्री एक ओळ एकटा गातो. मागे काहीही नाही. ओळ संपते आणि तिघे एकदम कोसळतात. पुन्हा थांबतात. पुन्हा निःशब्दता, पुन्हा एक ओळ. मोठ्या आवाजाने माझे डोके दुखले होते. या थांबण्याने ते उतरले. आवाज कोणीही वाढवील. एवढ्या वेगात असताना चौघांनी एकाच क्षणी तोंड मिटायचे, आणि एकाच क्षणी उघडायचे, याला जी एकमेकांची जाण लागते ती पाठांतराने येत नाही.

आणि इथे रचनाही उफराटी आहे. आपल्याकडे तबलजी ठेका धरतो आणि गवई त्यावर विहार करतो. इथे ठेका धरायला जणू कुणी मोकळाच नाही. मून ड्रमवर गायकाच्या ओळीमागे धावतो, त्याच्या शब्दांच्या फटी भरतो. एन्टविसलचा बेस, ज्याने खाली मुकाट चालायचे, तो सुरावटी रचत वर येतो. मग तोल सांभाळतो कोण? बराचसा टाउनझेंड, ज्याने एरवी गिटारची करामत दाखवायची, तो भरघोस स्वरसमूहांचे ठोके देत मध्ये खांबासारखा उभा असतो. तिघांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याचे काम उचललेले, आणि तरी घर पडत नाही. ते पडेल की काय, ही धाकधूक हीच या तबकडीची गोडी आहे. स्टुडिओतल्या मुद्रणात ती लाभत नाही. तिथे पडले तर पुन्हा उभारता येते.

'सबस्टिट्यूट' दोन मिनिटांत सुरीसारखे चालून जाते. एडी कॉक्रनच्या 'समरटाइम ब्लूज'मध्ये पोराला सुट्टी नाकारणाऱ्या वडीलधाऱ्यांची वाक्ये एन्टविसल घोगऱ्या खर्जात म्हणतो, तेव्हा माझ्या वर्गातली पोरे माझी नक्कल कशी करत असतील, याची कल्पना आली. 'माय जनरेशन' मात्र साडेचौदा मिनिटांच्या आसपास चालते. त्यात मध्येच 'टॉमी'च्या सुरावटी डोके वर काढतात, हे सुंदर. पण मध्यावर ते सैल पडते, आणि शेवटचे 'मॅजिक बस' तर मला निव्वळ भरताड वाटले. हे माझे मत स्नेह्यांना अजून कळलेले नाही.

या सहा गाण्यांत तीन दुसऱ्यांची, आणि 'टॉमी' जवळजवळ सगळी वगळलेली. १९९५ साली सहाची चौदा झाली आणि जुनी खरखर यंत्राने पुसून टाकण्यात आली. २००१ साली त्या रात्रीचे 'टॉमी'ही आले. २०१० साली हलच्या रात्रीची सुटका झाली; जिथे बेस नव्हता तिथे लीड्सचा जोडून.

कादंबरी छापायला जाताना प्रकरणे गाळावी लागतात, आणि गाळलेली प्रकरणे वाईटच असतात असे नाही. राहिलेल्यांना धार यावी म्हणून ती जातात. त्या न्यायाने माझा कौल तबकडीच्या बाजूला. सहा गाण्यांचा तो ऐवज एका श्वासात ऐकून होतो. पुरी आवृत्ती ऐकताना मी दोनदा चहाला उठलो.

पण सीडीवर मला एक गोष्ट सापडली, जी तबकडीत औषधालाही नाही: हसू. गाण्यांच्या मधून टाउनझेंड आणि मून थट्टामस्करी करतात, सभागृह खिदळते. तबकडी ऐकून हे चौघे सदैव दात-ओठ खाणारे वाटतात. प्रत्यक्षात ते वात्रट होते. आणि 'अ क्विक वन' हे १९६६ साली केलेले त्यांचे छोटेसे संगीतनाट्य तिथे आहे. नवरा परगावी, बायको चुकते, नवरा परततो, ती कबुली देते. शेवटी क्षमेचा एकच शब्द ते गात राहतात, पुन्हा पुन्हा, इतक्या वेळा की नाटकातली क्षमा नाटकाबाहेर सांडते. सगळ्या रात्रीत माझे डोळे ओले झाले ते तिथे. ते गाळणाऱ्याचा हात कसा धजला, हे मला उमगलेले नाही.

तबकडी परत द्यायला गेलो तेव्हा स्नेह्यांना एक प्रश्न विचारला. खरखर तुम्हाला प्रिय. पण त्यातली लीड्सची कोणती आणि तुमच्या सुईची, धुळीची कोणती, हे ओळखता येते का? ते गप्प झाले. मग म्हणाले, "नाही हो. 'समरटाइम'मध्ये एक टक्क वाजतो, तो मुलाच्या बारशाच्या दिवशी सुई घसरली त्याचा. बाकीचे सांगता येत नाही." चिट्ठीवर खरखर असू द्या म्हणून लिहिलेले; तेव्हा ऐकणाऱ्याच्या घरची खरखरही त्या परवानगीत आपसूक सामावून गेली. सीडीने ती पुसली तेव्हा लीड्सचा दोष गेला, आणि यांचे बारसेही गेले.

माझा निवाडा मी सांगितला: तबकडी सरस, पण 'अ क्विक वन'साठी सीडी घरात पाहिजे. मुलाने लगेच ते लावले. इतक्या वर्षांत वडिलांनी ते कधी पुरे ऐकलेच नव्हते. क्षमेचा भाग आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. गाणे संपले, सभागृहातल्या टाळ्या विरल्या. मुलगा त्यांच्याकडे पाहत होता.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "थोडी खरखर पाहिजे होती."