शेक्सपिअरचे ११६ वे सुनीत : स्थानाचा विचार

शेक्सपिअरच्या १५४ सुनीतांपैकी ११६ वे सुनीत सुटे वाचण्याची आपणांस इतकी सवय जडली आहे की, त्याच्या मागेपुढे काही आहे याचा विसरच पडावा. पाल्ग्रेव्हने १८६१ च्या आपल्या संग्रहात ते ‘खरे प्रेम’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली छापले. विवाहसमारंभांतून ते आजही वाचले जाते. प्रेम बदलत नाही, काळाच्या विळ्यास ते वश नाही, हा जणू निरपवाद सिद्धान्तच होय, अशा समजुतीने ते शिकविलेही जाते. हे वाचन मला अपुरे वाटते.

१६०९ च्या मूळ आवृत्तीत हे सुनीत ११५ व ११७ यांच्यामध्ये येते. (बहुतेक प्रतींत त्यावर ११९ हा आकडा पडला आहे, तो मुद्रणदोष, स्थान तेच.) ११५ मध्ये कवी आपलेच पूर्वीचे शब्द खोटे ठरवितो. याहून अधिक प्रेम करणे अशक्य, असे तो म्हणाला होता. पण प्रेम तर वाढले. ते बालक आहे, त्यास पूर्ण वाढलेले कसे म्हणावे? आणि लगेच पुढच्या सुनीतात प्रेम बदलत नाही! वाढ म्हणजे विकार नव्हे, असे म्हणून ही विसंगती मिटविता येईल. परंतु कवीने तसे म्हटलेले नाही.

११७ पाहिले म्हणजे गाठ सैल होते. येथे कवी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे. ज्याच्या प्रेमाने आपण बांधले गेलो त्याची उपेक्षा केली, परक्यांत वेळ घालविला, त्याच्यापासून दूर नेईल त्या प्रत्येक वाऱ्यावर शीड उभारले, हे सारे तो आरोपपत्राच्या भाषेत स्वतःच मांडतो. बचाव एवढाच की, तुझ्या प्रेमाची स्थिरता पारखावयाची होती. बचाव लंगडा आहे, हे सांगावयास नकोच. परंतु हे शीड दिसताच ११६ मधील भरकटलेले गलबत आठवते. स्थिर तारा म्हणजे कवीचे प्रेम, असे आपण सहज धरून चालतो. ११७ नंतर मागे वळून वाचता कवी स्वतः त्या गलबतात बसलेला दिसतो.

११६ मधील नकारांची रीघही मग निराळी ऐकू येते. तेथे कोणाच्या तरी आक्षेपाचे खंडन चालले आहे, असे हेलेन व्हेंडलर यांनी १९९७ मध्ये दाखविलेच आहे. खंडन करणारा स्वतः निर्दोष नाही, एवढी भर मी त्यात घालीन. अखेरच्या द्विपदीत तो आपली चूक सिद्ध करून दाखवा म्हणतो. चूक आणि पुरावा हेच शब्द ११७ मध्ये पुन्हा येतात, आणि तेथे चूक त्याची स्वतःची असते.

हा क्रम खुद्द कवीचाच, यास निर्णायक पुरावा नाही. बेन्सनने तर १६४० मध्ये तो मोडूनही टाकला. आक्षेप रास्त आहे. परंतु गलबत व शीड, चूक व पुरावा हे धागे शब्दांतच विणलेले आहेत. त्यांना आकड्यांचा आधार लागत नाही. पदव्युत्तर वर्गात तरी ही तीन सुनीते एकाच तासिकेत घ्यावीत.