रोप बोलते की यंत्र? : संवादी कलेतील वनस्पती-संवेदनेची चिकित्सा

प्रस्तावना :
वनस्पतींना संवेदना असते हा विचार भारतीय वाचकास नवा नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १९०२ मधील आपल्या ग्रंथात सजीव व निर्जीव यांच्या प्रतिसादांची तुलना केली. पुढे क्रेस्कोग्राफ या उपकरणाद्वारे त्यांनी वनस्पतीची अतिसूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखविली. विसाव्या शतकाच्या अखेरीस कलावंतही या विषयाकडे वळले. त्यांच्या कृतींत नेमके कोण बोलते, हा येथील मुख्य प्रश्न होय.

कलाकृतींचे स्वरूप :
क्रिस्टा सोमरर व लॉरां मिन्योनो यांच्या 'इंटरॅक्टिव्ह प्लांट ग्रोइंग' (१९९२) या कृतीत प्रेक्षकाने खऱ्या रोपाजवळ हात नेताच पडद्यावर संगणकनिर्मित वनस्पती वाढू लागतात. फ्रान्समधील सीनोकॉस्म या कलावंत-जोडीच्या 'आकुस्माफ्लोर'मध्ये टांगलेली रोपे स्पर्श होताच ध्वनी काढतात. दोन्ही कृती विलोभनीय आहेत. मात्र येथे मोजला जातो तो मानवी शरीराच्या सान्निध्याने होणारा विद्युत् बदल. रोप हे केवळ माध्यम ठरते आणि कोणता ध्वनी वा आकार उमटावा हे आज्ञावलीने आधीच ठरविलेले असते. न्यूयॉर्कमध्ये २००६ साली साकारलेल्या 'बोटॅनिकॉल्स'मध्ये माती कोरडी पडली की रोपाच्या वतीने दूरध्वनी जातो. तेथेही मोजणी मातीचीच होते. तथापि तिची परिणती रोपास पाणी मिळण्यात होते, हे तिचे वेगळेपण होय.

चिकित्सा :
विज्ञानाने उलगडलेला वनस्पती-संवाद याहून निराळा आहे. कपाशीची पाने अळी खाऊ लागली की रोप विशिष्ट गंधद्रव्ये सोडते व त्या गंधाने अळीवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या आकृष्ट होतात. पाण्याअभावी ताण पडलेली टोमॅटोची व तंबाखूची रोपे माणसास ऐकू न येणारे ध्वनी काढतात, असे २०२३ मध्ये इस्रायली संशोधकांनी दाखविले. कपाशीचा संदेश माणसासाठी नसतो आणि टोमॅटोचा ध्वनी माणसाच्या कानापर्यंत पोहोचतही नाही. संवादी कला मात्र माणसालाच श्रोता मानते आणि येथेच तिची मर्यादा स्पष्ट होते.

अचेतनाशी वा मानवेतराशी बोलणे मराठी परंपरेस परके नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या भावविश्वात जात्याशी विठ्ठल बसतो. तेथे भक्ताची भूमिका उघड असते. यंत्राधिष्ठित कलेत मात्र कल्पना तारांआड दडते आणि मापनाचा आभास निर्माण करते.

समारोप :
सारांश, या कृतींचे मूल्य वनस्पतीचे मनोगत कळविण्यात नसून प्रेक्षकाचे लक्ष वनस्पतीकडे वळविण्यात आहे. रोपाच्या स्वतःच्या संथ गतीने प्रेक्षकास थांबावयास लावणारी कृतीच बोस यांच्या साधनेशी खरे नाते सांगू शकेल. कपाशीच्या शिवारात वाढलेल्या विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडताना रूपक व मोजमाप यांतील हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे ठरते.