शब्दकोश कोणाचा उच्चार धरतो?

मराठी आपण बोलतो तशी लिहितो आणि इंग्रजीचं मात्र सगळं उफराटं, असं आपण अभिमानाने सांगतो. ते आज जरा तपासून पाहू.

कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात. लिहिताना त्यात 'बी' येतो, बोलताना नाही. लॅटिन मूळ दिसावं म्हणून विद्वानांनी तो घातला आणि 1755 च्या जॉन्सनच्या कोशातही तो राहिला. जॉन्सनने शब्दावरचा आघात तेवढा दाखवला. सविस्तर उच्चार देणारा जॉन वॉकरचा कोश आला 1791 मध्ये. म्हणजे काय, तर लेखनावर भिस्त ठेवता येईना म्हणून कोशकाराला उच्चार वेगळा नोंदवावा लागला. मात्र वॉकरने प्रमाण मानला तो लंडनच्या शिष्ट मंडळींचा उच्चार. स्कॉटलंड, आयर्लंड, इतकंच काय, लंडनच्या सामान्यांनीही आपल्या लकबी कशा टाळाव्यात याचे नियम त्याने घालून दिले.

आता आपल्याकडे या. 'चार आंबे' मधला च आणि 'गाईला गवत चार' मधला च एक नाही. 'जग' म्हणजे दुनिया, आणि 'सुखाने जग'. इथेही ज दोन, अक्षर एकच. आपण हे कानाने शिकलो, म्हणून अडत नाही. पण परभाषकाने कोश उघडला, तर आपल्या लिपीचं कौतुक त्याच्या काय कामाचं?

दुसरा मुद्दा आपल्या कोकणाचा. 1962 च्या लेखननियमांनी स्पष्ट उच्चार असेल तिथेच अनुस्वार ठेवला. 'नांव', 'गांव', 'कांहीं' यांवरचे गेले. मुलांचा त्रास वाचला, हे मान्यच. पण स्पष्ट उच्चार कोणाचा? पुण्यात जे नुसतं व्युत्पत्तीचं ओझं, ते आपल्याकडे कित्येक घरांत आजही नाकातून ऐकू येतं. होडी ती 'नाव' आणि माणसाचं ते 'नांव', हा फरक तिथल्या कानाला कळतो. नव्या लेखनात दोन्ही सारखेच.

अनुस्वार परत आणा, असं आमचं म्हणणं नाही. लेखन एकच असावं. पण लेखनाचा नियम करणं आणि उच्चाराची नोंद ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि पहिलं केलं की दुसरंही झालं असं आपण धरून चाललो. वॉकरची मेहनत घ्यावी, त्याचा तोरा सोडावा. 'चार' पुढे त्याचे दोन्ही उच्चार द्यावेत. 'नाव' पुढे कोकणातला उच्चारही द्यावा, 'अशुद्ध' असा शेरा न मारता. नाहीतर उद्या नातवंडं कोश उघडतील आणि आजी आयुष्यभर चुकीचं बोलत होती, असंच समजतील.