खर्ड्याच्या लढाईंतील अनाम शिपाई

पाटोद्याच्या दक्षिणेस बीड जिल्ह्याची शीव ओलांडून जामखेड तालुक्यांत शिरलें, कीं थोड्याच अंतरावर खर्ड्याचा भुईकोट लागतो. ११ मार्च १७९५ रोजीं या भागांत मराठे व निजाम यांची जी लढाई झाली, तिचें वर्णन आमच्याकडे शाळेपासून पाठ करून घेतात. एकदां वर्गांत हा भाग चालला असतां एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, त्या दिवशीं आपला मुलूख कोणाच्या बाजूला होता?" हा मुलूख तेव्हां मुख्यतः निजामाचा होता, उत्तर इतकें सोपें. तरी तें देतांना मी अडखळलों. कोणती फौज कोणाची म्हणावयाची, हाच प्रश्न खर्ड्यावर लिहिणाऱ्यांनीं पुरता सोडविलेला नाहीं, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. पेशव्यांच्या निशाणाखालीं शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले एकत्र आले होते. सेनापतिपद परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होतें. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत या फौजेचा आंकडा १,३०,००० च्या वर दिला आहे. स्वारांनीं आपला वांटा उचललाच. परंतु लढाईचा खरा भार दोन्हीकडील कवायती कंपूंवर पडला. शिंद्यांच्या पलटणी उभारल्या त्या सव्हॉय प्रांतांतील डी बॉयन यानें. त्या दिवशीं त्यांचा म्होरक्या होता पेरों हा फ्रेंच. आणि शिपाई बहुतेक गंगायमुनांच्या दुआबांतले व अयोध्येकडचे रजपूत आणि मुसलमान. समोर निजामाकडून रेमाँ हा दुसरा फ्रेंच सुमारे ११,००० शिपाई घेऊन उभा होता. त्या काळांत जॉन बॉईड नांवाचा एक अमेरिकनही प्रथम निजामाच्या व पुढें पुण्याच्या चाकरींत होता. रेमाँच्या पलटणी मोडल्या नव्हत्या. निजामानेंच घाबरून माघारीचा हुकूम दिला, रात्रीं अंधारांत एकच गोंधळ उडाला, आणि अखेर निजाम खर्ड्याच्या कोटांत कोंडला गेला.

आमच्या मनांत ठसलेलें चित्र याहून फार निराळें आहे. मराठी सरदारांनीं एकदिलानें मिळविलेला शेवटचा मोठा जय, एवढीच खर्ड्याची ओळख आपण जपली. वासुदेवशास्त्री खरे यांनीं पटवर्धनी दप्तरांतील कागद अपार कष्टानें छापले. पण सरदाराच्या दप्तरांत सरदारांचीच दुनिया अधिक दिसावी, हें स्वाभाविक आहे. रियासतकार सरदेसाई यांनीं कवायती फौजेची दखल घेतली, हेंही मान्य केलें पाहिजे. तथापि सामान्य वाचकाची समजूत ग्रंथांपेक्षां भाषेनें अधिक घडविली आहे. 'गारदी' हा शब्द उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें १७७३ सालचा शनिवारवाडा आणि नारायणरावाचा खून उभा राहतो. बारा वर्षांपूर्वीं पानिपतावर अखेरपर्यंत झुंजून, पकडला गेल्यावर प्राणास मुकलेला इब्राहिमखानही गारदीच होता, हें त्या शब्दांतून पार पुसलें गेलें. ज्या भाषेनें भाडोत्री शिपायाचें नांव विश्वासघाताशीं कायमचें जोडलें, तिला विजयाच्या कथेंत त्याला जागा देणें अवघड जावें, यांत नवल नाहीं.

इंग्रजी ग्रंथांनीं ही उणीव भरून काढली म्हणावें, तर तसेंही नाहीं. हर्बर्ट कॉम्प्टन याचा हिंदुस्थानांतील युरोपियन साहसी पुरुषांवरील १८९२ चा ग्रंथ मोठा वाचनीय आहे, आणि शिंद्यांच्या कंपूंची हकीकत इतकी सलग अन्यत्र क्वचितच मिळेल. परंतु त्याची सारी मांडणी डी बॉयन, जॉर्ज टॉमस व पेरों या तीन चरित्रांभोंवतीं आहे; शिपाई म्हणजे त्यांच्या हातांतील माती. बखरकारास सरदार दिसतो, कॉम्प्टनला साहेब दिसतो. बंदूक खांद्यावर घेऊन चालणारा माणूस दोघांनाही दिसत नाहीं.

तो माणूस कसा होता, हें जाणण्यास खर्ड्यानंतरच्या दोन घटना पुरेशा आहेत. २२ ऑक्टोबर १७९८ रोजीं हैदराबादेस इंग्रजांनीं निजामाचा फ्रेंच कंपू मोडला. रेमाँ त्याच सालीं मार्चमध्यें वारला होता. सुमारे १४,००० शिपायांनीं रक्ताचा थेंब न सांडतां हत्यारें खालीं ठेविलीं. कारण थकलेल्या पगारासाठीं त्यांनीं आधींच आपल्या अंमलदारांविरुद्ध बंड केलें होतें, आणि पगार चुकविण्याचें वचन त्यांना मिळालें. येथें कोणी म्हणेल, भाडोत्री तो भाडोत्रीच! पण पांच वर्षांनीं, २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांतील असईच्या मैदानावर काय झालें? शिंद्यांचे कित्येक इंग्रज अंमलदार कंपनीच्या आमिषानें आधींच निघून गेले होते. उत्तरेंत पेरों स्वतः इंग्रजांच्या आश्रयास गेला होता. हानोव्हरच्या पोलमनच्या हाताखालीं उरलेल्या पलटणी मात्र उभ्या राहिल्या, आणि गोलंदाज आपल्या तोफांपाशींच कापले गेले. इंग्रजांचीं १,५०० हून अधिक माणसें त्या दिवशीं मेलीं वा जखमी झालीं. ज्यांचीं चरित्रें छापलीं गेलीं ते गेले. ज्यांचीं नांवेंही उरलीं नाहींत ते राहिले.

या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या माणसांच्या आहेत, आणि लष्करी इतिहासाची कसोटी येथेंच लागते. पगाराची गोष्ट सांगून निष्ठेची लपविणें किंवा निष्ठेची सांगून पगाराची लपविणें, हें दोन्ही लेखन अपुरें होय. खर्ड्याचा जय मराठ्यांचा नव्हता, असें माझें म्हणणें नाहीं. मसलत पुण्याची होती, पैसा मराठी राज्याचा होता, जबाबदारीही त्याचीच होती. परंतु त्या जयाची किंमत चुकविणाऱ्यांत अवधचा शेतकरीही होता, आणि तो हिशेब मांडल्याशिवाय आठ वर्षांत असईपर्यंत आपण कसे येऊन पोंचलों, याचा उलगडा होणार नाहीं.

त्या विद्यार्थ्यास मी इतकेंच सांगितलें, कीं मुलूख निजामाचा होता. पण त्या दिवशीं लढणाऱ्या पुष्कळांचें गांव दोन्ही बाजूंस नव्हतें. त्यानें पुन्हां विचारलें, "मग ते कोणाचे?" तें सांगणारा ग्रंथ मराठींत लिहिला जावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.