ग्रहण सांगणाऱ्यांना काही सवाल

26 डिसेंबर 2019 ला सकाळी सूर्यग्रहण होतं. खाली कर्नाटक, केरळ, तामिळनाडूच्या पट्ट्यात कंकणाकृती, आपल्याकडं खंडग्रास. त्याच्या दोन दिवस आधी शहरातनं एक व्याख्याते कसारा लोकलनं उंबरमाळीला उतरले. नाव सांगत नाही. माणूस चांगला होता, मानधन घेतलं नाही, चहा आमच्याच वस्तीत प्याला. त्यांनी चेंडू, संत्रं आणि बॅटरी घेऊन सावली कशी पडते ते दाखवलं. राहू-केतू झूट आहे म्हणाले. "समजलं का?" पोरं एका सुरात ओरडली, "समजलं!"

मागं दाराशी एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "बाबा, सावली समजली. मग गिराण सुटताना दान मागाया आमालाच का धाडायचे?"

व्याख्याते हसले. "आजी, तो विषय वेगळा, सामाजिक आहे."

दोस्तहो, माझं सगळं भांडण या 'वेगळा' शब्दाशी आहे.

ग्रहण सुटताना महारा-मांगांनी दान मागत फिरायचं, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. गावावरचं अशुभ जुन्या कपड्यात, मूठभर धान्यात बांधून आपल्या पदरात टाकायचं. म्हणजे आकाशातली सावली जमिनीवर कुणाच्या अंगावर पाडायची, हे ठरलेलं होतं. ग्रहणाचं मराठी पुस्तक उघडा. चंद्राची कक्षा आहे, काळा चष्मा आहे, गरोदर बाईनं भाजी चिरली तरी चालते हे पण आहे. दान मागणारा माणूस त्यात नाही. ग्रहणाबद्दलच्या अंधश्रद्धेतला जो भाग पांढरपेशा घरात शिल्लक आहे तेवढाच खोडायचा, जो आपल्या पाठीवर आहे तो 'सामाजिक'.

मराठीत हे काम थोडं झालंय असं मी म्हणत नाही. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून आहे. जयंत नारळीकरांनी 1974 साली परिषदेच्या कथास्पर्धेला टोपणनावानं 'कृष्णविवर' पाठवली नि बक्षीस मिळवलं. त्याच नारळीकरांनी 2008 मध्ये अंनिसच्या माणसांबरोबर पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार पोरांच्या नि 100 मतिमंद पोरांच्या पत्रिका घेतल्या, ज्योतिषांना प्रत्येकी 40 वाटल्या, ओळखा म्हणाले. 27 जणांनी उत्तरं दिली. बरोबर निघाली सरासरी 46 टक्के. नाणं उडवलं असतं तरी बरं. हे मला व्याख्यानापेक्षा शंभर पटीनं पटतं. इथं कुणी 'समजलं का' विचारत नाही, मांडून दाखवतात. तरी एक राहिलंच. पत्रिका भविष्य सांगते का, हे तपासलं. पण पत्रिका जुळवायच्या आधी जात जुळवून ठेवलेली असते, त्याची चाचणी कोण घेणार?

21 सप्टेंबर 1995 आठवा. गणपती दूध पितो म्हणून देश रांगेत उभा होता. शास्त्रज्ञांनी रंगवलेलं दूध चमच्यात धरून दाखवलं की ते सोंडेवरनं खाली ओघळतं. उत्तम. पण दुसऱ्या दिवशी छापून काय आलं? 'पृष्ठताण' आणि 'केशाकर्षण'. ज्याला संस्कृत ऐकायला पण बंदी होती, त्याला विज्ञानाच्या दाराशी पुन्हा संस्कृतच भेटतं. ओल्या काठाला थेंब चिकटतो नि खाली ओढला जातो, इतकं सांगायला काय जड होतं? आमच्या वस्तीतल्या बायका मात्र भलताच प्रश्न विचारत होत्या, की एवढं दूध लोकांकडं आलं कुठनं?

2019 च्याच ग्रहणात कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूरला अपंग पोरांना गळ्यापर्यंत मातीत पुरलं, बरी होतील म्हणून. पेपरवाले अडाणी म्हणून मोकळे झाले. मी त्या आईबापांचं समर्थन करत नाही. पण त्या पोरांना तोवर कुठला डॉक्टर, कुठली शाळा मिळाली होती, हे मला आधी कळायला पाहिजे. उपाय नसलेल्या माणसाला फक्त कारण सांगून काय होतं?

आता उलट बाजू बघा. महाड आपल्याला चवदार तळ्यामुळं माहीत, 20 मार्च 1927. त्याच महाड तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात 1976 पासून डॉ. हिंमतराव बावस्कर लाल विंचवाचे रोगी बघत होते. विंचू कुणाला चावतो? अनवाणी माणसाला, भाताच्या पेंढ्यात हात घालणारीला, कौलाखाली जमिनीवर झोपणाऱ्या पोराला. त्यांनी रात्र-रात्र उशाशी बसून टिपणं काढली. ओकारी, दरदरून घाम, थंडगार हातपाय ही लक्षणं दिसली की पुढं काळजाला धोका आहे, हे लिहून ठेवलं. 1982 ला ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. विष शिरलं की शिरा आवळतात, काळजावर भार पडतो, फुप्फुसात पाणी भरतं. मग ब्लडप्रेशरची साधी स्वस्त गोळी, प्राझोसिन, देऊन त्या शिरा सैल केल्या. अशा गंभीर रोग्यांत 30 टक्क्यांच्या आसपास माणसं दगावायची, ते 1-2 टक्क्यांवर आलं.

आणि भगत? भगताचं शास्त्र पण समजून घ्या. बहुतेक विंचूदंश नुसत्या वेदनेवर निभावतात, बरेच साप बिनविषारी असतात, विषारी पण कधी कधी कोरडाच चावतो. म्हणजे दहातले बरेचजण मंत्राविना उठणारच. ते उठतात, नाव भगताचं होतं. हे व्याख्यानात सांगता येतं. पण भगत तीन घरं टाकून राहतो, रात्री दोन वाजता उठतो, गाडीभाडं लागत नाही, हे पण शास्त्रातच धरा. वस्तीला जीप आणि दवाखान्यात सापाची लस असली, की आमची माणसं भगताकडं न जाता तिकडंच जातात. हे मी डोळ्यानं बघितलंय. दृष्टिकोन आधी बदलला नव्हता, आधी जीप आली होती.

पाण्याचं तेच. तानसा धरण 1892 चं, भातसा आपल्याच शहापुरात, मुंबईच्या पाण्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. एप्रिल-मे लागला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. अन् पोस्टर काय लागतं? पाणी उकळून प्या. अरे, आधी पाणी! पाऊस इथं धो-धो पडतो, पण खाली काळा कातळ, मुरायला जागा कमी, म्हणून सगळं वाहून जातं. हे भूगर्भशास्त्र आमच्या बायकांना कोणता झरा कुठल्या महिन्यात आटतो यावरनं पाठ आहे. जोतीबांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ताली-बंधारे घालून पावसाचं पाणी शेतात जिरवायचं लिहिलं, ते पण शेतकऱ्याच्या बोलीत, आणि त्याच पुस्तकात भटशाही नि इंग्रज सरकारचा हिशेब पण मांडला. त्यांनी नाही म्हटलं 'तो विषय वेगळा'.

आपल्या पोरांना पण दोन शब्द. स्टेजवरनं आपण ठोकून देतो की वैज्ञानिक दृष्टिकोनाचं कलम बाबासाहेबांनी संविधानात घातलं. ते 51-अ मधलं कर्तव्य 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनं आलं. बाबासाहेबांच्या पदरात असलेलं एवढं मोठं आहे की नसलेलं घालायची गरज नाही. आणि विज्ञान विज्ञान म्हणून आपण जे ओरडतो, ते कैकदा नवा मंत्रच असतो. तपासून बघितलेलं काही नसतं.

2 ऑगस्ट 2027 ला पुन्हा सूर्यग्रहण आहे. आपल्याकडं दुपारनंतर थोडंसं खंडग्रास, ढगांनी दिसू दिलं तर. व्याख्याते येतील. ती म्हातारी आता नाही. तिचा सवाल कुणी विचारायचा, ते आधी बसून ठरवा.