पुराण म्हणून वाचावे

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या, १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव आपण अगत्याने घेतो, पण मराठीच्या स्तुतीच्या दोन-चार ओव्या म्हटल्या की पोथी मिटते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथाचे आपण सुभाषित करून टाकले आहे. शांताराम बंडेलू यांनी तो १९५६ साली देवनागरीत आणला, तेव्हा रोमन लिपीची सबबही उरलेली नाही.

‘पुराण’ हा शब्द काव्यप्रकार सांगतो. पुराण ऐकायचे असते; श्रोता शंका विचारतो, वक्ता निरसन करतो. येथेही एक ब्राह्मण श्रोता प्रश्न करतो. केवळ बायबलचे भाषांतर शोधणाऱ्यास यात पाल्हाळच दिसेल.

त्या प्रसिद्ध ओव्यांतील उपमाने पाहावीत: रत्न, मोगरी, कस्तुरी, मोर, कल्पतरू. कवी इंग्लंडात जन्मलेला, प्रतिमा मात्र श्रोत्यांच्या अंगणातल्या. अलंकार येथे शोभेपुरता नाही. मराठी थोर आहे हे तो मराठी मनाच्याच साक्षीने सिद्ध करतो. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्याचे धाडसही त्याच जातीचे. त्यातील जोखीम फादरांना उमगली नसेल, असे मला वाटत नाही.

भिवंडीत, मागांच्या खडखडाटात, एक अवस्वर आम्ही मोठ्याने वाचला. तीन चरणांचे यमक आणि मोकळा चौथा चरण एकदा कानात बसला, मग जुने शब्द फारसे अडले नाहीत.